रेघ

सोमवार, बुधवार, शुक्रवार. तीन नंबरची खुर्ची.
विल्फ्रेड फिअरन, एक्याऐंशी, राहणार एग्रेमंट.
सुई टोचण्याआधी मी त्याच्या फिस्टुलावर बोटं ठेवते,
आत मांजर गुरगुरावं तशी थरथर.
"खाण चालू आहे का?" तो विचारतो. दर वेळी.
"चालू आहे," मी म्हणते.

चाळीस वर्षं जमिनीखाली.
वर यायचा तेव्हा टोपीपासून मोज्यांपर्यंत लाल,
पापण्यांच्या आतसुद्धा.
बसचा कंडक्टर आधी सीटवर पेपर अंथरायचा.
एडिथनं लग्नात आणलेल्या पांढऱ्या चादरी
पहिल्याच महिन्यात गुलाबी झाल्या,
तेव्हा तिनं पुढच्या सगळ्या गुलाबीच घेतल्या.
"एवढाच आमचा संसार," तो म्हणतो.

मी सांगते, आमच्या रेडीलाही खाण होती.
ट्रक गेले की काजूची पानं तांबडी,
दोरीवरचे माझे शाळेचे शर्ट तांबडे.
आई म्हणायची, घासू नको गो, फाटेल, रंग जायचा नाही.
विल्फ्रेड माझ्याकडे बघत राहिला,
जणू दूरच्या नात्यातलं कुणी
चुकून इथे निघालंय.

शुक्रवारी त्यानं लोकरी मोज्यातून दगड काढला.
काळा, तुळतुळीत, फुगीर,
खाटकाच्या फळीवर असतो तसा गुर्दा.
"याला आम्ही किडनी ओर म्हणतो.
माझ्या दोन्ही गेल्या. ही घरात एक शिल्लक होती."
आणि इतका हसला की मशीनचा अलार्म वाजला.
हात हलवू नका, मी ओरडले.

मग माझा चहाचा कप मागून घेतला, उपडा केला,
बुडाच्या खरखरीत कडेवर दगड ओढला.
काळ्या दगडाची रेघ लाल.
"वरच्या रंगावर जायचं नाही, पोरी. रेघ बघायची."
तो दगडाबद्दलच बोलत होता.

गेरू.
नऊ वर्षांत तोंडात न आलेला शब्द
माझ्या तोंडात येऊन बसला. कुंड्यांचा वास आला.
नाकाचा घोळणा फुटला की शेजारची इंदूवहिनी
गेरू उगाळून कपाळावर थापायची, थंडगार.
विल्फ्रेडची आई बाळंतिणीच्या उशाखाली
हाच दगड सरकवायची, रक्त थांबावं म्हणून.
थांबायचं का?
"कधी थांबायचं," तो म्हणाला. "कधी नाही."

त्याच्या नातीच्या बोटात केझिकच्या दुकानातली अंगठी,
म्हणे वाईट ते सगळं शोषते, आणि भरली की तडकते.
ती अंगठी फ्रिजच्या दाराला चिकटते.
खरा दगड असा चिकटत नाही,
ते कारखान्यातलं चुंबक, हे त्याला पहिल्या दिवशीच कळलं.
गेल्या महिन्यात ती तडकली.
"आजोबा, तुमचं दुखणं यात गेलं," पोरगी रडत रडत हसली.
तो म्हणाला, "हो, हलकं वाटतंय खरं."

हिमोग्लोबिन अठ्ठ्याण्णव. आज लोहाचं इंजेक्शन.
कडक काढलेल्या चहाच्या रंगाचं औषध
मी सावकाश नळीत ढकलते, घड्याळाकडे बघत.
"चाळीस वर्षं काढलं," तो डोळे मिटून म्हणतो,
"आता थेंबाथेंबानं परत भरताय."
मी काही बोलत नाही. मोजत असते.

कप तीनदा धुतला. रेघ तशीच.
वॉर्डात सगळे कप पांढरे, एकसारखे,
आता माझा तेवढा उपडा ठेवला की ओळखू येतो.
घरी जाताना हातमोजे काढले
तर अंगठ्याच्या नखाखाली तांबडं.
दगडाला मी हात लावला होता
मोजे घालूनच.